मनकर्णाबाईच्या वावरातले तंबू

स्काउट-गाइडच्या पोरांना रोज एक सत्कृत्य करावं लागतं. शहरात ते सोपं असतं. कुणा म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून द्यावा, कुणाची पिशवी धरावी, झालं. पण म्हैसमाळच्या डोंगरात शनिवार-रविवार तंबू ठोकल्यावर सत्कृत्य करायला माणूस आणायचा कुठून? अर्ध्या चढावर राहते ती एकटी मनकर्णाबाई. अख्खी तुकडी तिच्यावरच तुटून पडली, त्यात पोरांचा तरी काय दोष.

मनकर्णाबाई साठीची, चिवट बाई. नवरा गेल्यापासून वावरातल्या पत्र्याच्या घरात शेरडं आणि थोडी ज्वारी सांभाळून राहत होती. मुलगा अभय वाळूजला कंपनीत कामाला, राहायला पडेगावला फ्लॅटमध्ये. दर दिवाळीला तो म्हणायचा, "आई, आता चल तिकडं." ती म्हणायची, "माझं मला समदं व्हतंय. व्हनार नाय त्या दिवशी सांगीन." विषय तिथंच मिटायचा. संध्याकाळी मात्र घर खायला उठायचं. ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की सामान बांधावं लागणार. फ्लॅटमध्ये पाहुण्यासारखं खुर्चीवर बसून राहण्यापेक्षा स्वतःच्या दारातलं एकटेपण तिला परवडत होतं.

शनिवारी सकाळी ती हंडा घेऊन हापशाकडं निघाली, तर खाकी कपड्यातला, गळ्यात स्कार्फ बांधलेला एक मुलगा वाटेत उभा. त्यानं कडक सलाम ठोकला.

"आजी, मी शिवम. संघनायक आहे. हंडा द्या, मी भरून आणतो."

"कशापायी रं?"

"सत्कृत्य आहे, आजी."

नको म्हणता आलं असतं. हंडा काही तिला जड नव्हता. पण त्या अंगणात 'आजी' म्हणून कुणी हाक मारल्याला फार दिवस झाले होते. अभयची मुलगी फोनवर हॅलो म्हणायची आणि लगेच फोन आईच्या हातात द्यायची. मनकर्णाबाईनं हंडा देऊन टाकला.

मग रांगच लागली. कुणी सरपण फोडलं, कुणी भांडी घासली. दोघींनी अंगण सारवायला घेतलं आणि अंगणापेक्षा शेण स्वतःलाच जास्त फासलं. श्रेया नावाच्या पोरीनं शेरडं सोडली, ती थेट ज्वारीत घुसली, आणि त्यांना हाकलून आणण्यात आणखी काहीजणांची सत्कृत्यं निघाली. मनकर्णाबाई पायरीवर बसून पदर तोंडाला लावून हसत होती. इतकं हसू तिला नवऱ्याच्या माघारी आलं नव्हतं.

दुपारी तिनं आगटी पेटवून हुरडा भाजला, वर शेंगदाण्याची चटणी काढली. "या रं समदे, गरम हाय तवर खा."

शिवम संकोचला. "नको आजी. सत्कृत्याच्या बदल्यात काही घ्यायचं नसतं."

"बदल्यात कोन देतंय? मी आशीच देती."

"तरी नको. नियम आहे."

वावराच्या कडेला ठोकलेल्या तंबूजवळून त्यांचे बद्रीनाथ सर म्हणाले, "शिस्त आहे मावशी, वाईट वाटून घेऊ नका."

वाईट तर वाटलंच. दुसऱ्याच्या घरी राबायला तयार, पण शेजारी बसून चार दाणे खायला नाही, ही कसली शिस्त म्हणायची? तिनं एक मूठ खाल्ली, बाकीचा हुरडा टोपल्यात गार होत पडला.

संध्याकाळी वरच्या पठारावर शेकोटी पेटली. गाणी, टाळ्या, हसणं सगळं खाली ऐकू येत होतं. आता एखादं पोरगं बोलवायला येईल म्हणून ती धुतलेलं लुगडं नेसून दारात बसली. कुणी आलं नाही. त्या दिवसाची सत्कृत्यं होऊन गेली होती.

म्हणून रविवारी तिनं काय केलं, तर काहीच केलं नाही. हंडा रिकामा ठेवला, चूल पेटवली नाही, अंगण झाडलं नाही. पोरांना काम उरायला नको का? पोरं आली, आजी आजी करत कामाला लागली. ती ओट्यावर भिंतीला टेकून बघत बसली. सरांनी मोबाइलवर त्याचं शूटिंग केलं. दुपारी तंबू उतरले, तुकडीनं एका रांगेत उभं राहून तिला सलामी दिली आणि शिट्टीच्या तालावर पोरं डोंगर उतरून गेली. जाताना त्यांनी वावर असं स्वच्छ केलं होतं की तिथं कुणी राहून गेलं हे कळू नये.

बुधवारी अभय आला. कामाच्या दिवशी, कंपनीच्याच कपड्यांत. आल्या आल्या त्यानं मोबाइल तिच्यापुढं धरला. पोरं पाणी भरताहेत, चूल फुंकताहेत, आणि मनकर्णाबाई भिंतीला टेकून बसलेली. वर मोठ्या अक्षरांत मथळा होता: 'डोंगरातल्या निराधार आजीला स्काउटचा आधार'.

"निराधार कोन म्हनलं मला?" ती भडकली.

"सगळेच म्हणतात. खाली लिहिलंय बघ, हिला पोरंबाळं नाहीत का म्हणून. पाचोडच्या मामानं मला पाठवलं हे. कंपनीत सगळ्यांनी बघितलं, आई." तो तिथंच जमिनीवर बसला आणि लहानपणी बसायचा तसा गुडघ्यांत तोंड घालून रडला. मग मान वर करून म्हणाला, "तू म्हणतेस समदं होतंय. मग त्या पोरांना का करू दिलंस?"

खरं उत्तर तिच्या ओठांवर होतं. करमत नव्हतं रं मला. कुणीतरी अंगणात फिरावं, आजी म्हणावं, एवढ्यासाठी करू दिलं. पण हे ऐकून हा पोरगा आणखी किती खाली मान घालील, ते तिला दिसत होतं. लोकांनी त्याला बोल लावले होतेच, त्यात आईनं भर घालायची? गुडघे दुखले तर निदान त्याचा दोष कुणाच्या माथी जात नाही.

"गुडघं दुखत्यात रं," ती म्हणाली. "लई दिवसांपासून. आता मला व्हत नाय."

अभयनं डोळे पुसले. त्याच्या चेहऱ्यावर सुटका झाल्यासारखं दिसलं. "मग आधी सांगायचं ना, आई. मी तेच तर म्हणत होतो."

शेरडं खालच्या वस्तीवरच्या कडुबाच्या हवाली केली. घराला कुलूप लावलं. सडकेवर गाडी उभी होती, तिथपर्यंत उताराची पायवाट. अभय पिशव्या घेऊन मागून येत होता, "सावकाश, आई, सावकाश," म्हणत होता. आणि मनकर्णाबाई, जिच्या गुडघ्यांना काही म्हणजे काही झालं नव्हतं, त्याला दिसेल अशी लंगडत आपला डोंगर उतरत होती.