पहिल्या नंबराचं कॉलेज

रोहिणीला सकाळपासून घास गोड लागत नव्हता, आणि ती काही आजारी नव्हती. सीईटीत अठ्ठ्याण्णव पर्सेंटाइल पडले होते, पुण्याचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज अगदी टप्प्यात आलं होतं आणि कॉलेजांचा पसंतीक्रम भरायला आज संध्याकाळी पाचपर्यंतची मुदत होती. पोरीला आनंद मावत नव्हता.

घोडं अडलं होतं ते दोधूआबांपाशी. आबा भावकीतले सगळ्यांत थोर. कुणाचंही लग्न निघो, पत्रिका कुणाला आधी न् कुणाला मागून, ती यादी त्यांच्याच तोंडून उतरायची. मग घरातली पोर कॉलेजांची यादी करते म्हटल्यावर ते स्वस्थ बसतात होय? काल येऊन त्यांनी लग्नाच्याच रिवाजाने, घराजवळचं आधी न् लांबचं मागून, असा सगळा क्रम लावून दिला. पहिलं शहाद्याजवळचं कॉलेज, मग नंदुरबार, धुळे, जळगाव, नाशिक आणि पुणं सगळ्यांच्या तळाशी.

"जोडेनाले पहिला मान," आबा म्हणाले होते. "दूरना पाव्हना मांगेतून."

साखर कारखान्यात नोकरीला असलेले तिचे वडील हेमराज यांनी मान डोलावली. थोरांपुढे तोंड कोण उघडणार? रोहिणीनेही मुकाट्याने तसंच भरलं. पण पहिल्या नंबराचं कॉलेज लागलं की तेच घ्यावं लागतं, पुढच्या फेऱ्या बंद. आणि तिच्या मार्कांना शहाद्याजवळचं कॉलेज डोळे मिटून लागणार होतं. फॉर्म कन्फर्म झाला की पुणं गेलंच.

तीन वाजता आबा कन्फर्म करणं बघायला हजर. रोहिणीने पाण्याचा तांब्या पुढे ठेवला आणि एकदाचा धीर केला.

"आबा, पोरकरता स्थळ पाहतस, तव पहिले कोठे जातस?"

"जठे पोर देवानी शे, तठे."

"आनि त्यासनी होकार दिन्हा तं?"

"सुपारी फुटी गई. मंग दुसरं घर कोन पाहस?"

"आठे बी तसंच शे, आबा. पहिलानी हो म्हनं की बाकीना दरवाजा बंद."

आबांनी उचललेला तांब्या तसाच खाली ठेवला. आयुष्यभर सोयरिकी जुळवलेला माणूस, त्याला आणखी काय समजवायचं?

"मंग काल का नही सांगं?"

"तुमना पुढे कशी बोलू?"

"येडी पोर," आबा हसत सुटले. "लिख, पहिलं पुनं."

रोहिणीची बोटं मोबाइलवर नाचायला लागली. पुणं वर, बाकीची खाली! कन्फर्मचं बटण दाबलं आणि ओटीपी हेमराजांच्या फोनवर आला. तिने हात पुढे केला, पण हेमराज फोन धरून तसेच उभे राहिले.

"पुनं लागी गयं, तं खरंच जाशी?"

आता कुठे तिला कळलं, काल त्यांनी मान का डोलावली ते. आबांचा धाक कमी आणि पोर घराजवळ राहावी ही आसच जास्त होती. तरी तिचा आनंद काही लपेना.

"जासु, पप्पा."

हेमराज एकेक आकडा वाचू लागले. चार, नऊ, दोन, सात. मग थांबले. फोन तिच्या हातात दिला आणि तोंड दाराकडे फिरवलं.

"आते माले दिखी नही ऱ्हायनं. पुढलं तूच वाच."