माझ्या टोपीवरचा तीस पचपन

मी एक ट्रान्झिस्टर बोलतोय. माझ्या टोपीवर जो नंबर छापला होता तो माझा नव्हता. तो मी मागितला नव्हता, आणि तो छापणाऱ्यांना मी आजही माफ केलेलं नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण जबलपुरात मला "नकली माल" म्हणतात आणि ते ऐकलं की माझं डोकं फिरतं.

नकली? मी? अकरा वर्षं एका बॅटरी चार्जरमध्ये मी इमानानं राबलो. काम लहान होतं, पण एक दिवस दगा दिला नाही. पुढे चार्जर मोडीत निघाला आणि मला उपटून काढलं. कुठल्याशा कोंदट खोलीत एका माणसानं पॉलिश पेपरनं माझं नाव घासून टाकलं, माझ्या झिजल्या पायांना नवं कथिल चढवलं आणि काळ्या शाईनं डोक्यावर दुसऱ्याचा नंबर मारला. शंकरपाळ्यासारखा तळ आणि त्यावर गोल टोपी, असं माझं रूप. त्या दुसऱ्याचंही रूप तसंच, एवढंच काय ते आमच्यात सारखं! त्याच्या ३०५५ या नंबरावरून बाजारात त्याला "तीस पचपन" म्हणतात. ॲम्प्लिफायरमध्ये, म्हणजे लहान आवाज मोठा करणाऱ्या यंत्रात, सगळ्यात जड ओझं तोच उचलतो. पाच किलोची पिशवी उचलणाऱ्याला पोत्याखाली उभं करायचं आणि तो कोसळला की त्यालाच लबाड म्हणायचं, हा कुठला न्याय?

कमानिया गेटजवळच्या नथ्थू सेठच्या दुकानात मी डबाभर तशाच अभाग्यांबरोबर पडलो होतो. तिथे नवरात्रातल्या अष्टमीला विष्णुपंत आले.

विष्णुपंत मदन महलला राहणारे, कॉलेजच्या पदार्थविज्ञान प्रयोगशाळेत साहाय्यक. त्यांची बायको सुहासिनीबाई शाळेत गाणं शिकवायच्या. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. सूर शाबूत राहिला, पण आवाज इतका बारीक झाला की शेजारच्या खोलीत पोचेना. त्यांनी शाळा सोडली, गाणंही सोडलं. यंदा मात्र दसऱ्याच्या संध्याकाळी मराठी मंडळात देवीचं पद म्हणायला त्या कशाबशा तयार झाल्या होत्या. मंडळाच्या भाड्याच्या भोंग्यात तो नाजूक आवाज फाटतो म्हणून विष्णुपंत स्वतः ॲम्प्लिफायर बांधत होते. सगळं जुळलं होतं, फक्त शेवटचे दोन ट्रान्झिस्टर बाकी होते.

"पंतजी, एकदम ओरिजिनल है. आँख बंद करके ले जाइए," नथ्थू सेठ म्हणाला.

आणि प्रयोगशाळेत आयुष्य घालवलेल्या या माणसानं खरंच डोळे मिटले! खिशातलं मीटर काढून आम्हा दोघांच्या पायांना लावलं, काटा हलला, झालं यांचं समाधान. अहो, मीटरला एवढंच कळतं की समोरचा जिवंत आहे. तो किती ओझं पेलेल, हे मीटर कुठून सांगणार? मला ओरडायचं होतं, पण तोंड नसलेल्यानं ओरडायचं कसं?

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. या घरात त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. पाटावर पंतांची कैची, पेचकस, कथिलाचा डाग द्यायची झाळणी, मीटर. सुहासिनीबाई एकेक वस्तू पुसून देत होत्या. ऑपरेशनच्या वेळचं स्पिरिट घरात होतं, त्याचा बोळा त्यांनी माझ्या टोपीवर फिरवला आणि थांबल्या. कापूस काळा झाला होता. तीस पचपनातला अर्धा आकडा बोळ्यावर उतरला होता.

मी तुम्हाला काय सांगू! इतक्या दिवसांत पहिल्यांदा कुणीतरी माझं खरं अंग पाहिलं होतं.

"अहो," त्या बारीक आवाजात म्हणाल्या, "याचा नंबर निघून राहिला. खालून घासल्यासारखं दिसते. हे काहून असं?"

"जोरात घासू नको ना, सुहास."

"जोरात कुठे? बदलून आणा हे. दुकान आज उघडं असेल."

"मीटर लावून पाहिले मी. आता मुहूर्त चालला, दे इकडे." त्यांनी आम्हाला पाटावर मांडलं, आणि जिथला आकडा पुसला गेला होता नेमका तिथेच कुंकवाचा टिळा लावला.

त्या पुन्हा काही म्हणाल्या, तर पंत म्हणाले, "एकदा पूजेत मांडलं की उद्यापर्यंत हलवायचं नसते. तुला का माहीत नाही?"

मला कुंकवाचा राग नाही, आपल्या माणसाचं नीट ऐकून न घेण्याचा आहे. त्या बाईंचा आवाज लहान होता म्हणून त्यांचं म्हणणंही लहान ठरलं. खणखणीत आवाजाच्या कुणा मेकॅनिकनं हेच सांगितलं असतं तर पंत चपला घालून कमानिया गेटला पळाले असते की नाही?

दसऱ्याच्या दुपारी देवाला नमस्कार करून पंतांनी आम्हाला पाटावरून उचललं आणि जागेवर बसवलं. रेडिओ जोडून हळू आवाजात पाहिलं. वाजला. वाजणारच! तेवढं काम मी अकरा वर्षं केलं होतं.

संध्याकाळी सभागृह भरलं. सुहासिनीबाई माइकसमोर बसल्या. पहिली ओळ म्हटली आणि ती शेवटच्या रांगेपर्यंत स्वच्छ गेली. त्यांनी दचकून मान वर केली. दोन वर्षांत स्वतःचा आवाज त्यांनी असा ऐकला नव्हता. त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटलं ते मी कधीच विसरणार नाही. खरं सांगतो, त्या क्षणी मलाही वाटलं, असेनही मी तीस पचपन!

मग त्या अंतऱ्याला वर चढल्या. पंतांनी आवाजाचं बटण आणखी फिरवलं. माझ्या अंगाची लाही झाली. जीव खाऊन ओझं धरलं, पण आतून मी वितळलो आणि सगळी वीज थेट स्पीकरमध्ये घुसली. घोंऽऽ असा आवाज, जळका वास, धूर. लोक उठले, कुणीतरी हसलं. सुहासिनीबाईंचे ओठ हलत होते, पण कुणाला काही ऐकू येत नव्हतं. मग तेही थांबले. पदर सावरून त्या खाली उतरल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पंतांनी करवतीनं माझी टोपी कापली. आतला माझा जीव, म्हणजे सिलिकॉनचा तुकडा, तिळाएवढा. खऱ्या तीस पचपनाचा हरभऱ्याच्या डाळीएवढा असतो, हे त्यांना ठाऊक होतं. प्रयोगशाळेत तसा एक कापून ठेवलेला नमुना ते दरवर्षी मुलांना दाखवायचे!

"तू सांगत होतीस," ते म्हणाले. "मी ऐकलं नाही. चुकलो मी."

"चला दुकानात," त्या म्हणाल्या.

नथ्थू सेठनं मला हातातसुद्धा घेतलं नाही. "पंतजी, आपने तो काट डाला, अब क्या देखूँ? दूसरी जोड़ी ले जाइए." त्याच डब्यातली! शेजारी तिलवाऱ्याचा बळीराम उभा होता. त्यानं गावातल्या मंदिराच्या ॲम्प्लिफायरसाठी त्याच डब्यातले सहा नग पुढ्यात काढून ठेवले होते. सुहासिनीबाईंनी पर्समधून स्पिरिटचा बोळा काढला, त्यातला एक पुसला आणि काळा कापूस बळीरामपुढे धरला. "भैया, पहले पोंछकर देखो. छपाई उतर रही है. हमारा इसी से जल गया."

"माताजी, ज़रा ज़ोर से बोलिए," सेठ हसत म्हणाला, "कुछ सुनाई नहीं देता."

"मेरे को तो सुनाई दे रहा है," बळीराम म्हणाला आणि त्यानं सहाही नग सेठकडे परत सरकवले.

आता मी सुहासिनीबाईंच्या पर्समध्ये, एका कुंकवाच्या रिकाम्या डबीत उघड्या पोटानं पडलेला असतो. मंडळातलं कुणी रेडिओ-ॲम्प्लिफायर बांधायला निघालं की त्या मला दाखवतात, पुसून घ्या म्हणून बजावतात. तुम्हीही पुसून घ्या. आणि घरातलं कुणी हळू आवाजात "हे बरोबर नाही" म्हणालं, तर हातातलं काम थांबवा.

पंतांनी दुसरा ॲम्प्लिफायर बांधला, खऱ्या मालाचा. तो कपाटावर पडून आहे. सुहासिनीबाई त्याच्यासमोर बसत नाहीत. आग्रह झाला की "नको आता" एवढंच म्हणतात.

सुहासिनीबाई, तुमची माफी मागायला हवी ती माझं नाव घासणाऱ्यानं, आणि डोळे मिटायला सांगणाऱ्या त्या सेठनं. ते येणार नाहीत. म्हणून मीच मागतो. तुमचा अंतरा माझ्या हातून तुटला.