शिडाची उलटी घडी

अबरारच्या उजव्या हाताची तीन बोटं मी मोडली. पोलिसांच्या कागदावर पेटीचं झाकण निसटलं असं लिहिलंय. साफ खोटं हाय ते. झाकण मी आपटलं, आणि एकदा नाय, दोनदा.

आधी माझी ओळख करून घ्या, मग शिव्या घाला. मी देवराम. येवल्यात पंधरा वर्षं मागावर पैठणी विणली. माझा हात लवकर सुटतो. द्वारकेच्या चौकात एका रिक्षावाल्यानं कट मारला म्हणून त्याचा दात पाडलाय मी. घरातला टीव्ही फोडलाय. लंकाबाईवर, म्हणजे माझ्या बायकोवर, दोनदा हात उचललाय. छ्या, खोटं कशाला बोलू, दोनदापेक्षा लय जास्त.

आता तुम्ही म्हणाल, असल्या माणसाला अंतराळातल्या जहाजाचं काम कुणी दिलं? महेशसाहेबांनी दिलं. बत्तीस वर्षांचा इंजिनियर, आडगावच्या पुढं भाड्याच्या शेडमध्ये कंपनी काढून बसलेला. पहिल्याच दिवशी मला म्हणाले, "देवराम, सूर्याचा उजेड शिडाला ढकलतो. आपल्याला कळत नाही इतका हळू. पण वर हवा नाही, अडवणारं काही नाही. महिनोन्‌महिने ढकलत राहिला की जहाज सुसाट सुटतं. पुढं अशीच मालाची जहाजं चालतील बघ, या ग्रहावरून त्या ग्रहावर लोखंड न्यायचं, पाणी न्यायचं. डिझेलचा थेंब नको. फक्त शीड पाहिजे."

मी म्हणलो, "साहेब, मग वरच्या टोलनाक्याचं काय?" साहेब पोट धरून हसले. माणूस चांगला.

आमचं शीड नमुन्याचं होतं, दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद. चांदीसारखं चकचकीत आणि केसापेक्षा कितीतरी पातळ. मशीनवर घडी घालायला गेले की टराटरा फाटायचं. मग कुणीतरी साहेबांना सांगितलं, येवल्याचे विणकर आणा, त्यांच्या बोटांना कळतं. असे आम्ही दोघं आलो, मी आणि अबरार. बारा वर्षं आमचे माग एकाच गल्लीत. माझी बोटं बरी, पण अबरारची म्हणजे विचारू नका. तुटलेला रेशमाचा धागा तो बोलता बोलता सांधायचा आणि सांधा कुठंय ते त्यालाच सापडायचं नाय. शेडमध्ये आल्यावरही दर रविवारी येवल्याला जाऊन मागावर बसायचा. आबिदाभाभी आणि दोन पोरी, सगळं घर त्या बोटांवर.

लंकाबाईला साहेबांनी साफसफाईला ठेवलं. टोपी, हातमोजे, पांढरा झगा घालून ती शेड पुसायची. आमचं काम टक लावून बघायची.

शिडाची घडी अशी की चौसष्ट पट्ट्या, एक इकडं दुमडायची, एक तिकडं, आणि तो गठ्ठा लोखंडी पेटीत बसवायचा. वर गेल्यावर चार दांड्या चार कोपरे ओढणार. पट्ट्या ज्या क्रमानं बसल्या त्याच क्रमानं सुटल्या पाहिजेत. एक जरी उलटी बसली तर कोपरा अडकणार आणि दांडी शीड फाडणार. आम्ही घडी घातली, पेटी बंद झाली, आणि रॉकेटची तारीख पुढं गेली. मग अजून पुढं गेली. चार महिने पेटी तशीच पडून.

एका शुक्रवारी संध्याकाळी साहेबांनी सांगितलं, उद्या सकाळीच शीड उघडून दाखवायचं. बेंगळुरूची माणसं सोमवारऐवजी शनिवारी येतायत. उघडलं तर दोन वर्षांचं काम, येवल्याचे अजून सहा विणकर घ्यायचे. मी तर खुश, पक्कं झाल्यावरच घरी सांगू म्हणलो. अबरारचा चेहरा मात्र उतरला.

"साहेब, उद्या नको," तो म्हणाला. "मला एकदा घडी बघू द्या. दोन दिवस द्या."

"का रे? काय झालं?"

"काही नाही. असंच."

"मग असंच राहू दे," साहेब म्हणाले. पेटीची किल्ली अबरारकडं असायची, ती त्यांनी त्या दिवशी स्वतःकडं घेतली. आमच्या घातलेल्या घडीवर त्यांचा भरवसा होता हो.

शनिवारी दहाला बेंगळुरूची चार माणसं भिंतीला टेकून उभी राहिली. लंकाबाईला सुट्टी होती. शेडभर गुळगुळीत टेबलं मांडलेली, मधोमध पेटी, झाकण उघडं. साहेबांनी बटण दाबलं. दांड्या सरकायला लागल्या. एक पट्टी सुटली, दुसरी सुटली, अहाहा, काय दिसत होतं ते! तीन कोपरे बाहेर आले. चौथा आला नाय.

आवाज आला. कापडाचं आख्खं ठाण फाडल्यासारखा. चांदीत एक काळी भेग पडली आणि डोळ्यांदेखत पळत पळत मधोमध गेली. साहेब "बंद कर, बंद कर!" ओरडत होते आणि बटण त्यांच्याच हातात होतं. अबरार धावला. पेटीत दोन्ही हात घालून अडकलेला गठ्ठा मोकळा करायला लागला.

मी पण धावलो. एक नजर टाकली पेटीत. घडी आमची नव्हती. आमची मोड जिथं असायला पाहिजे तिथं नवी मोड, सगळ्या पट्ट्या सरकवलेल्या आणि अर्ध्या उलट्या. किल्ली अबरारकडं. काल "उद्या नको" म्हणणारा अबरार.

"तुला माहीत होतं," मी म्हणलो.

तो गठ्ठा सोडवत राहिला.

"अब्या, तुला माहीत होतं! किती घेतलेस? कुणी दिले?"

त्यानं मान वर केली. माझ्याकडं बघितलं आणि परत खाली घातली. एक शब्द बोलला असता तर! डोकं फिरलं माझं. झाकण पंधरा-वीस किलोचं. धरलं आणि आपटलं. हाडं मोडल्याचा आवाज झाला, बारीकच. तो ओरडला, डावा हात त्यानं काढून घेतला, उजवा अडकला. मी झाकण उचललं. तुम्हाला वाटलं सोडायला उचललं. नाय. परत आपटलं.

मग सगळे माझ्यावर पडले. साहेबांनी माझ्या तोंडावर बुक्की मारली, ओठ फाटला. बेंगळुरूच्या एकानं माझी मान टेबलावर दाबून धरली. समोरच्या चकचकीत चिंध्यांवर अबरारचं रक्त पसरत होतं आणि मला वाईट वाटत नव्हतं. खरं सांगतोय, बरं वाटत होतं.

दवाखान्यात पोलीस आले. अबरार म्हणाला, "झाकण निसटलं." साहेबांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "तो तक्रार देत नाही. परत तोंड दाखवू नकोस." डॉक्टरांनी आबिदाभाभीला स्पष्ट सांगितलं की दोन बोटं जुळतील, पण वाकणार नाहीत. मधलं काढावं लागेल. भाभी रडली नाय. माझ्यासमोर येऊन एवढंच विचारलं, "क्यूँ भाऊ?"

"त्यालाच विचारा," मी म्हणलो. एवढा माज होता मला.

संध्याकाळी पंचवटीतल्या खोलीवर आलो. लंकाबाई मेथी निवडत बसली होती. माझा ओठ बघून उठली. मी सगळं सांगितलं, शिव्या घालत घालत. गद्दार, नमकहराम, काय काय बोललो. घडी बदलली म्हणलो तेव्हा तिच्या हातातली जुडी खाली पडली.

"घडी मी बदलली," ती म्हणाली.

"काय?"

"शुक्रवारी दुपारी. तुम्ही साहेबांबरोबर बाहेर होता, अबरार नमाजाला गेला होता, किल्ली मला दिली होती पेटीचं झाकण आतून पुसायला. तुम्हीच म्हणत होता ना येवल्याला, पैठणी चार महिने एका घडीवर ठेवली की मोडीवर जरीचा धागा तुटतो, घडी मोडून नवी घालावी. किती पैठण्यांची घातली मी, तुमच्या देखत. मला वाटलं, या चांदीची पण तुटंल. तुमच्यासारखीच घातली, मोड तेवढी सरकवून."

"आणि अबरार?" मी विचारलं.

"तो आला तेव्हा शेवटची पट्टी राहिली होती. बघून पांढरा पडला. म्हणाला, भाभी, कुणाला बोलू नका. रविवारी मी एकटा येऊन नीट करतो. देवरामभाऊला तर अजिबात कळू देऊ नका." ती रडत नव्हती. "मी विचारलं, का हो? तर म्हणाला, भाभी, तो तुम्हाला जिवंत ठेवायचा नाय."

बारा वर्षं एका गल्लीत. माझ्या घरातला आवाज त्याच्या मागापर्यंत जायचा. पेटीपाशी मान वर करून माझ्याकडं बघितलं त्यानं, तेव्हा हेच बघितलं असणार. एक नाव घेतलं असतं तर त्याची बोटं वाचली असती. त्यानं घेतलं नाय.

लंकाबाईनं उजवा हात माझ्यासमोर धरला, बोटं पसरून. "घडी या हातानं घातली," ती म्हणाली. "घ्या."

आणि माझा हात वर गेला. अबरार तिकडं दवाखान्यात पडलेला, सगळं मला कळलेलं, तरी गेला. शिडाचा राग होता का माझा स्वतःचा, देवाला माहीत.

तिनं हात मागं घेतला नाय. वर गेलेल्या माझ्या हाताकडं बघत राहिली. "बरोबर बोलला तो," ती म्हणाली.

तिनं पिशवीत दोन लुगडी भरली, चपला घातल्या. मी जिन्यापर्यंत गेलो. कुठं चाललीस, विचारलं.

"दवाखान्यात. आबिदाला सांगते, तिच्या माणसाची बोटं कुणासाठी गेली." दोन पायऱ्या उतरून ती थांबली. "मागं येऊ नका. मी तिथंच राहीन. त्याला आता जेवण भरवायला कुणीतरी लागंल."