केशरबाईच्या रंगाची करवंटी

मी एक करवंटी बोलतेय. नारळाची अर्धी वाटी. माझी दुसरी अर्धी त्याच दिवशी चुलीत गेली. मी राहिले, म्हणून जे पाहिलं ते सांगते.

अकोल्यात मोर्णा नदीच्या अलीकडे, जिनिंगचा भोंगा ऐकू येतो अशा वस्तीत माझं सारं आयुष्य गेलं. अठ्ठेचाळीस सालच्या वैशाखात जिनिंगमधल्या देवमनचं लग्न झालं, त्या मांडवात मला फोडलं. खोबरं वाटून झालं. हळदीच्या अंगानं बसलेल्या नव्या नवरीनं मला उचललं, आतून बाहेरून बोट फिरवलं आणि पदराखाली घेतलं.

"करवंटी काहून ठेवून राहिली वं?" सासूनं, गोदाबाईनं विचारलं.

"रंग कालवाले, आत्याबाई."

नवरीचं नाव केशर. माहेरी ती आईबरोबर लगनघराच्या भिंती रंगवायची. काचेच्या तुकड्यानं खरवडून तिनं मला गुळगुळीत केलं. मग माझ्यात गेरू आला, चुना आला, कपड्याची नीळ आली, कंदिलाची काजळी आली. बाभळीचा डिंक भिजवून ती रंगात घाली. शिंदीची काडी दगडानं ठेचली की झाला कुंचला. चैत्र-वैशाखात आमची माणसं तिला दूरदूरच्या खेड्यांतून बोलावत. दारावर हत्ती, बाजूला पोपट, खाली नवरा-नवरीची नावं. अक्षरं तिला येत नसत. कुणीतरी खडूनं लिहून दिलं की त्यावरून ती असा काही हात फिरवी की लिहिणाऱ्यालाच आपलं अक्षर ओळखू येत नसे.

पन्नास साली तिला मुलगी झाली, पंचफुला. घरात सगळे फुला म्हणत. चार वर्षांनी मुलगा झाला, शालिकराम. शालिक आजीच्या कडेवर वाढला, फुला माझ्याशेजारी. पाच वर्षांची असताना ती गेरू वाटायला शिकली, सहाव्या वर्षी किनारीचे ठिपके द्यायला. केशरच्या ठिपक्यांपेक्षा तिचे ठिपके सारखे येत. हे केशरच सांगायची, येईल त्याला.

छप्पन सालच्या दसऱ्याला सगळं घर नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलं. आल्यावर गोदाबाईनं देवघरातले टाक आपल्या हातानं टोपलीत भरले आणि मोर्णेत सोडले. घरी येऊन ती त्या रिकाम्या कोनाड्याकडे पाठ करून जेवायला बसली. दोन महिन्यांत बाबासाहेब गेले. आठ दिवस वस्तीत चुली धड पेटल्या नाहीत.

मग सत्तावन्नचा उन्हाळा लागला.

लग्नं होती, पण भिंतीवर आता देव काढायचे नव्हते. केशरनं पिंपळाचं पान काढलं, कमळ काढलं, चक्र काढलं. चक्राचे आरे मोजून काढताना तिची जीभ दाताखाली यायची. त्याच दिवसांत जानराव घरी आले. गिरणीतले जुने कामगार, वस्तीचे पुढारी. वस्तीची चावडी आता विहार झाली होती.

"केशर, वैशाखाच्या पुनवेले पहिली बुद्धजयंती हाय आपली. समोरच्या भिंतीवर भगवान पायजे. तुया हातचा."

"म्या कधी काढला नाई, दादा."

"आमी तरी कधी पुजला होता? शिकूनच राहिलो सारे."

त्यांनी बुद्धाचं चित्र असलेलं एक कॅलेंडर आणून दिलं. केशरनं ते चुलीपासून लांब, दाराच्या मागं टांगलं आणि येताजाता पाहत राहिली. त्या दिवसांत ती कधी नव्हे इतकी आनंदी होती. भाकरी थापताथापता परातीतल्या पिठात बोटानं तो चेहरा काढायची आणि पुसायची.

भिंतीला हात लावण्याआधी एक लगनघर राहिलं होतं, दहा मैलांवरच्या खेड्यात. निघायच्या आदल्या दिवशी वस्तीत दवंडी झाली. मी कोनाड्यात होते, मला स्वच्छ ऐकू आलं. उद्या देवीची लस टोचणारा येणार आहे, साथ आहे, लेकरं घरी ठेवा.

केशरनंही ऐकलं. तिचा हात क्षणभर थांबला.

"फुलाले ठेवून जाय," देवमन म्हणाला.

"मंग ठिपके कोन देईन? एका दिवसाचं काम हाय. टोचणारा काय एकदाच येते का? पुढच्या खेपेले टोचून घेऊ."

सकाळी आम्ही तिघी निघालो. केशर, फुला आणि गाठोड्यात मी. त्या घरात भिंत मोठी होती, ऊन कडक होतं. पडवीच्या कोपऱ्यात घोंगडीखाली एक लेकरू तापानं फणफणत पडलेलं होतं. फुला त्याच्याजवळ बसून रंग वाटत होती, कारण सावली तिथंच होती. दोन-तीनदा तिनं त्याला पाणी पाजलं. केशरनं ते पाहिलं आणि तिला पोरीचं कौतुकच वाटलं.

संध्याकाळी परतलो तर शालिक दंड धरून रडत होता. टोचणारे इनायतुल्लासाहेब येऊन गेले होते. त्यांनी वहीत फुलाचं नाव लिहून घेतलं होतं आणि गोदाबाईला म्हणाले होते, "बडी लडकी को अगली बार मत भेजना कहीं. मी येईन महिन्याभरात."

चौदाव्या दिवशी फुला तापली.

त्या दिवशी आम्ही विहाराच्या भिंतीपाशी होतो. भगवंताच्या चिवराची पिवळी माती माझ्यात कालवलेली होती. फुला म्हणाली, "आई, पाठ दुखून राहिली." केशर म्हणाली, "चिवराची एवढी घडी टाकू दे, मंग जाऊ." घडी टाकून झाली तेव्हा पोरगी भिंतीला टेकून झोपली होती. हात लावला तर चटका बसला.

चौथ्या दिवशी चेहऱ्यावर पुरळ आलं. गोदाबाईनं एकदाच पाहिलं आणि दाराला कडुनिंबाचा डहाळा लावला. "माता आली," ती हळूच म्हणाली. शेजारणी दारापर्यंत येत आणि आत न येता बोलत. देव नदीत टाकले, त्याचं हे. एकीनं तर नावच घेऊन सांगितलं, केशरनं भिंतीवर देवीचं कमळ बुद्धाला देऊन टाकलं, ते तिला लागलं. केशर फुलाच्या अंगावर ओल्या फडक्यानं वारा घालत बसली होती.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, वस्ती उन्हानं मुकी झालेली असताना, गोदाबाईनं मला कोनाड्यातून काढलं. राखेनं घासलं, सारा रंग काढला, माझ्यात दहीभात भरला आणि पदराखाली घेऊन वस्तीबाहेर गेली. तिथं लिंबाखाली शेंदराचा दगड होता. सहा महिन्यांत त्याला कुणी पाणी घातलं नव्हतं. तिनं घातलं, मला समोर ठेवलं आणि कपाळ टेकलं. ती नुसती "लेकरू हाय माय, लेकरू हाय," एवढंच म्हणत होती.

वळली तर मागं केशर उभी होती. कोनाडा रिकामा पाहून ती आली होती.

मला वाटलं, आता भांडण होणार. नागपूरच्या मैदानावर दोघींनी एकाच रांगेत उभं राहून बावीस प्रतिज्ञा म्हटल्या होत्या.

"तुयासाठी नाई आली म्या," गोदाबाई म्हणाली. "पोरीसाठी आली. मले जे म्हनाचं ते म्हन."

केशर त्या तापल्या मातीवरच बसली.

"आत्याबाई, देवी कोपली असती तं मले बरं झालं असतं. म्याही आली असती तुमच्यासंग. पाया पडली असती, नाक घासलं असतं. पन देवी कोठं हाय? म्या दवंडी आयकली होती. या कानानं आयकली होती. आन् ठिपक्यासाठी पोरीले घेऊन गेली. आता कोनाच्या पाया पडू?"

गोदाबाईनं सुनेला हात देऊन उठवलं. दहीभात तिथल्या कुत्र्यानं खाल्ला. मला घेऊन दोघी परतल्या, आणि घरी येताच केशर देवमनला म्हणाली, "बैल जुंपून रेंगी आन. दवाखान्यात नेऊ."

गावाबाहेर देवीच्या रोग्यांसाठी दवाखान्याची पत्र्याची खोली होती. तिथं नेलेलं लेकरू परत येत नाही असं वस्तीत म्हणत, म्हणून कुणी नेत नसे. केशर वीस दिवस तिथं पोरीजवळ राहिली. मी घरी कोरडी पडून होते. शालिक आईसाठी रडे आणि गोदाबाई त्याला दंडावरची खपली खाजवू नको म्हणून सांगे.

फुला परत आली. जिवंत आली. देवमननं तिला रेंगीतून उतरवलं, तेव्हा बाया दारात जमल्या होत्या. चेहरा खड्ड्यांनी भरला होता आणि दोन्ही डोळ्यांत फूल पडलं होतं. पांढरं, दाट. त्या दिवसापासून देवमननं तिला फुला म्हणायचं सोडलं. पंचफुला, असं पूर्ण नाव घ्यायचा. कारण कुणी विचारलं नाही.

पौर्णिमेला चार दिवस उरले होते. भिंतीवर भगवंताला अंग होतं, चेहरा नव्हता. जानराव अंगणात येऊन उभे राहिले.

"बाजारातला पाट्या रंगवनारा हाय एक," ते म्हणाले. "त्याले सांगू का? तुयावर जबरी नाई."

"नाई दादा. करतो म्हटलं होतं, करतो."

दुसऱ्या सकाळी केशरनं मला घेतलं. दाराशी आली तर फुला भिंत धरून उभी.

"म्या येतो."

"ऊन लागीन."

"गेरू कोन वाटीन मंग?"

केशरनं तिचा हात धरला. विहारात फुला आपल्या जुन्या जागी बसली आणि पाट्यावर गेरू वाटू लागली. दोन बोटांत चोळून बारीक झाला की खरबरीत आहे ते तिला आधीही कळायचं, तेव्हाही कळलं. केशर तीन दिवस भिंतीकडे तोंड करून उभी होती. मी तिच्या डाव्या हातात होते. तिचे डोळे सतत वाहत होते, पण कुंचल्याची रेघ एकदाही हलली नाही. असा स्थिर हात मी तिचा कधी पाहिला नव्हता.

पौर्णिमेला मेणबत्त्या लावल्या. साऱ्या वस्तीनं वंदना म्हटली. म्हातारे जानराव रडले. मायलेकी मागं बसल्या होत्या.

"कसा झाला?" फुलानं विचारलं.

"कान जरा मोठे झाले," केशर म्हणाली.

त्यानंतर तिनं भिंत रंगवली नाही. बोलावणी आली, तिनं हात जोडले. पुढच्या फाल्गुनात इनायतुल्लासाहेब आले तेव्हा ती त्यांच्याबरोबर घरोघर गेली. नंतर दर वर्षी जाऊ लागली, आजूबाजूच्या खेड्यांतही. बाया लेकरांना कणगीमागं लपवत, कोंबड्यांच्या डालग्याखाली लपवत. केशर त्यांना शोधून बाहेर काढी. लोक तिला शिव्या देत. एकदा कुणीतरी दगड मारला, भुवई फुटली.

फुला अमरावतीला अंध मुलांच्या शाळेत गेली. बारा-तेरा वर्षांची असताना सुट्टीत आली आणि जेवताना सहज विचारलं, "शालिकले टोचली होती, मले काहून नाई?"

केशरनं सगळं सांगितलं. दवंडी, ठिपके, पडवीतलं लेकरू. काही झाकलं नाही. फुला ताटावरून उठली. पंधरा दिवस ती आईशी बोलली नाही, तिच्या हातची वेणी घालून घेतली नाही. सुट्टी संपायच्या आधीच अमरावतीला परत गेली. त्यानंतर आली तरी दोघींत कामापुरतंच बोलणं. अशी पाच वर्षं गेली.

आता अडुसष्ट साल आहे. फुला शाळा संपवून घरी आली आहे आणि खुर्च्यांना वेत विणते. वेताला पाणी लावायला माझ्यात बोटं बुडवते. मला एका बाजूनं बारीक चीर गेली आहे, पाणी झिरपतं. विहारात नवी मूर्ती आली, भिंतीला ऑइलपेंट लावला. केशरला कुणी विचारलं नाही. ती जाऊन पाहून आली आणि म्हणाली, "भिंत साजरी दिसते आता."

परवा ती टोचणीच्या फेरीहून आली ती उंबऱ्यावरच बसली. नदीपलीकडच्या वस्तीत अकरा घरांनी दार लावून घेतलं होतं. साथ पुन्हा आली आहे म्हणतात. नवीन टोचणारा पोरगेला आहे, तो कंटाळून, उद्या पाहू म्हणून निघून गेला.

फुलाचं विणणं थांबलं. बोटं माझ्यातच होती, मला ते कळलं.

"उद्या मले घेऊन चाल," ती म्हणाली.

"तू येऊन काय करशीन?"

"काई नाई करत. दारात उभी राहीन. मले पाहून उघडतीन."

केशरनं फणी आणली आणि मुलीच्या मागं जाऊन बसली. फुलानं मान जरा मागं केली. वेणी घालायला किती वेळ लागला, कुणास ठाऊक, तेल दोनदा लावलं.

सकाळी दोघी टोचणाऱ्याला घेऊन गेल्या. दुपारी उन्हातून परतल्या. गोदाबाई आता खाटेवरच असते, तिनं आतूनच विचारलं, "उघडलं का?"

"उघडलं," फुला म्हणाली.

"सारे?"

"नऊ. दोन घरं राह्यली. उद्या जाऊ."

माझी चीर वाढते आहे, हा उन्हाळा मी काढेन असं वाटत नाही. माझ्यासाठी काही मागायचं नाही. तुमच्या दाराशी त्या दोघी आल्या, तर फुलाच्या चेहऱ्यावरून नजर वळवू नका, आणि लेकराला टोचायला आतून घेऊन या.