खेमसिंगची सावधान पलटण

घाटंजीजवळच्या तांड्यातला खेमसिंग ग्रामरक्षक दलाचा कप्तान होता आणि ग्रामपंचायतीचा मेंबरही. दोन्ही कामं तो रागानंच करायचा. रागाला कारणही होतं. झेंडावंदनाला, खुद्द तहसीलदारासमोर, त्याच्या पलटणीतल्या प्रेमसिंगनं रांगेत उभ्या उभ्या पाठ खाजवली आणि सरपंच सगळ्यांदेखत हसला, "हे पलटण हाय का बैलबाजार?"

तेव्हापासून खेमसिंगनं तांड्यातले बावीस गडी काठीसकट घासून काढले. हुकूम एकच. सावधान म्हटलं की विश्राम ऐकू येईतो पापणी हलवायची नाही.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात ग्रामसभा भरली. मंजूर विहीर गावात खोदायची की तांड्यात, एवढंच ठरायचं होतं. गावात दोन विहिरी होत्या. तांड्यातल्या बाया मैलभर लांब नाल्यात खड्डा उकरून वाटीवाटीनं पाणी भरत. सभेच्या वेळीही त्या तिकडंच होत्या. तरी खेमसिंगनं हिशेब लावला होता. तांडा पाच मतांनी जिंकणार.

बंदोबस्त अर्थातच त्याचाच. त्यानं पलटण लोकांच्या मागे उभी केली, "सावधान!" ओरडला आणि पुढं मेंबरांच्या बाकावर जाऊन सरपंचाकडं डोळे वटारून बसला.

"तांड्यात पाह्यजे त्यायनं हात वर करा," सरपंच म्हणाला.

खेमसिंगनं हात असा उगारला की शेजारचा मेंबर दचकला.

"चौदा. आता गावात?"

एकतीस.

खेमसिंग गर्रकन वळला. मागे बावीस गडी खांबासारखे उभे. प्रेमसिंगच्या नाकावर माशी फिरत होती, त्यानं तिलाही हाकललं नव्हतं.

"हात काहून नाही केले बे?"

एकही पापणी हलली नाही. खेमसिंगचे कान लाल झाले. मग त्याच्या ध्यानात आलं.

"विश्राम!"

"हुकूमच नाही आला, कप्तान," प्रेमसिंग नाक पुसत म्हणाला. "या खेपेला हाललो का सांगा?"

"पुन्हा मोजा!" खेमसिंग गरजला.

"ठराव झाला," सरपंच म्हणाला. "पण शिस्त मानली बुवा तुमची."

खेमसिंग काठी आपटत घरी आला. पहिली शिवी सरपंचाला, दुसरी प्रेमसिंगला. तिसरीसाठी माणूस सापडेना, तेव्हा ती स्वतःला घातली. सुखीबाई नाल्यावरून नुकतीच आली होती. तिनं सगळं ऐकलं, डोक्यावरची घागर उतरवली आणि नवऱ्याच्या गळ्यातली शिट्टी काढून घेतली.

"ओ कप्तान, आमाले पाणी भराले बारा वर्सं झाली. आमाले कोनं विश्राम म्हटलं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी गावानं पाहिलं. बावीस गडी डोक्यावर घागरी घेऊन एका रांगेत सरपंचाच्या दारावरून नाल्याकडं निघाले होते, डावा-उजवा, डावा-उजवा. पुढं खेमसिंग, दोन घागरी घेऊन, संतापानं फुललेला. शिट्टी सुखीबाई फुंकत होती.

सरपंच दारात येऊन हसला. एकही मान वळली नाही.

तांड्यात विहीर होईतो ती रोज शिट्टी फुंकणार होती, आणि विश्राम हा शब्द तिला येतच नव्हता.