खिळ्यावरचा पहारेकरी

"रडायचं नाही गं राणी, फोटोत नाक लाल येतं!"

मित्रांनो, माझ्या कानावर पडलेला पहिला आवाज हाच. आज मी एक जुना, पिवळट बिल्ला आहे. माझी कड फुटली, पाठीवरची चिमटी गंजली. तो आवाज मात्र अजून ताजा आहे.

शाळेच्या गणवेशावर लावता तसला बिल्ला मी नव्हे. एक्सरेच्या खोलीत काम करणाऱ्याच्या छातीवर माझी जागा. तिथल्या किरणांना ना वास, ना रंग, ना चटका. पाऊल न वाजवता येतात, दार न ठोठावता अंगात शिरतात. माणसाला ते कळत नाहीत. माझ्या पोटातल्या पट्टीला कळतात. दर तीन महिन्यांनी ती पट्टी तपासायला जाते आणि अंगावर किती किरण पडले त्याचा आकडा दवाखान्याच्या वहीत लिहिला जातो. मला वाटायचं, आपण छातीवरचे पहारेकरी!

ती छाती होती फोटोकाकांची; तो पहिला आवाजही त्यांचाच. हे नाव मुलांनीच ठेवलेलं. हात मोडलेलं पोर टेबलावर स्थिर कसं राहणार? फोटो हलला की पुन्हा काढणं आलं. मग काका किरण अडवणारा शिशाचा जड एप्रन पोराच्या आईच्या गळ्यात घालत, तिला दाराशी उभी करत आणि स्वतः उघड्या हातांनी पोराला धरून गुणगुणत,

"हाता रे हाता, हलू नको आता,
पळून जाईल दुखणं, तुझा फोटो निघता."

बाहेरून जोडीदार बटण दाबी. गाणं संपायच्या आत काम झालेलं असे.

पहिल्याच वर्षी माझा आकडा चढला. मोठ्या डॉक्टरांनी काकांना तीन महिने किरणांपासून दूर, खिडकीशी रुग्णांच्या नंबराच्या चिठ्ठ्या फाडायला बसवलं. बदलीचा माणूस मुलांवर खेकसायचा. मुलांचं ते रडणं काकांनी भिंतीपलीकडून तीन महिने ऐकलं. परत आले त्या दिवशी त्यांनी मला छातीवरून काढलं आणि बाहेर, दारामागच्या खिळ्याला अडकवलं.

"चहाड्या करतोस लेका," ते हसून म्हणाले. "बस इथे गुमान."

तिथे मी बावीस वर्षं बसलो, मित्रांनो. माझी पट्टी कोरी जाई, कोरी येई. "याला म्हणतात काळजी घेणं!" मोठे डॉक्टर वही दाखवून इतरांना सांगत. ते कौतुक मला काट्यासारखं टोचे. कारण रोज संध्याकाळी मी ते हात पाहत होतो. आधी नखांवर काळ्या रेघा आल्या. मग कातडी सुकली, झाडाच्या सालीसारखी. मग उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला चीर पडली, ती मिटेचना.

त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किरणांचं तर नाही ना हे?" वही मागवली. गेली बावीस वर्षं वही स्वच्छ! "मग फोटो धुण्याच्या औषधाने झालं असेल." मलम मिळालं. काकांनी ते खिशात टाकलं नि पुन्हा कामाला लागले. मलम संपत गेलं, बोट काळं पडत गेलं.

त्याच सुमारास काकांच्या बहिणीची मुलगी तिथे कामाला लागली. छातीवर नवा कोरा बिल्ला. पंधरवड्यात तिने तो काढून माझ्या शेजारी अडकवला.

"अगं, हे काय?" काका दचकले.

"तुम्हीच नाही का अडकवत, मामा? बावीस वर्षांत तुम्हाला काय धाड भरली? आणि मला नाही बसायचं चिठ्ठ्या फाडत!"

काकांनी बांधलेलं बोट खिशात लपवलं. आतून एका लहानग्याचं रडणं आलं. भाचीने बाह्या सरसावल्या, एप्रन त्याच्या आईला दिला आणि तेच गाणं म्हणत ती आत निघाली. नवा बिल्ला माझ्या अंगाला टेकून हलत राहिला. त्याला काय सांगू? मला तोंड असतं तर!

मित्रांनो, खरं सांगणाऱ्याला चहाडखोर म्हणून खिळ्याला टांगू नका. त्याला काळजाजवळ बाळगा. त्याचं बोलणं एक दिवस कडू लागेल. त्याचं गप्प राहणं जन्मभर अंगात मुरेल.

तेवढ्यात डॉक्टरीणबाई आल्या. एका हातात वही, दुसऱ्या हातात तपासणीचा कागद.

"बोटाचं लक्षण बरं दिसत नाही, काका. कदाचित कापावं लागेल. पण वहीत बावीस वर्षांत काहीच नाही! कारणच कळेना, तर पुढची वाट कशी ठरवू?"

काकांनी दारातून आत पाहिलं. भाचीने त्या लहानग्याचा हात धरला होता. जोडीदाराचं बोट बटणाकडे चाललं होतं.

"थांब! बटण दाबू नकोस!" काका ओरडले. त्यांनी नवा बिल्ला खिळ्यावरून ओढून काढला, आत जाऊन भाचीच्या छातीवर लावला. बांधलेल्या बोटातून चिमटी दोनदा निसटली. मग ते वळले.

"बाई, वहीतला तो आकडा माझा नाही. या खिळ्याचा आहे. आत मी उघड्या हातांनी उभा असायचो, आणि बिल्ला इथे. माझं कुणी मोजलंच नाही. मीच मोजू दिलं नाही."