शोधलंच नाही

क्लिपच्या दातात एक केस अडकला होता. तपकिरी, इतका बारीक की खिडकीकडे धरला तर जवळजवळ नसल्यासारखाच... पर्समध्ये किल्ल्या चाचपताना हाताला लागलेली ती लाल क्लिप कीबोर्डच्या कडेला ठेवून ती त्या केसाकडे बघत राहिली. सकाळी घाईत ओढून काढताना तुटला असणार, आणि लेक रडलीसुद्धा नाही — की रडली होती आणि आपणच दूध उतू जाईल म्हणून तिकडे लक्ष दिलं नाही? दीड वर्षाचं पोर. दुखलं तर सांगणार कसं. आणि सांगितलं तरी ते ऐकायला कुणीतरी जागेवर असायला हवं ना.

समोर पडद्यावर कप्तानाने प्रोग्राममध्ये केलेला बदल उघडा होता, तो तपासायची पाळी आज तिची होती. कप्तान म्हणजे टीमचा प्रमुख. त्याला खऱ्या नावाने फक्त त्याची बायको हाक मारत असावी. लिहिणाऱ्याने आपल्याच कामाला होकार द्यायचा नाही, दुसऱ्या कुणीतरी वाचून द्यायचा, हा इथला रिवाज. आणि काम एवढंसंच. हॉस्पिटलमधल्या नर्सने इंजेक्शन द्यायच्या आधी रुग्णाचा नंबर टाकला की यांचा प्रोग्राम दूरच्या सर्व्हरला विचारतो — या माणसाला कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी आहे? सर्व्हर काय आहे ते सांगतो, आणि सोबत एक ठरलेला शब्द पाठवतो, की काम झालं का, नाही झालं तर का नाही. पण सर्व्हरने तोंडच उघडलं नाही तर? तर, कप्तानाच्या या नव्या ओळींप्रमाणे, नर्सला पाठवायचं ‘ओके’ आणि त्याच्यासोबत काहीच नाही. नर्सच्या पडद्यावर हिरव्या अक्षरांत येणार — अ‍ॅलर्जी नाही.

तिने त्या ओळी परत वाचल्या. साध्या होत्या, नीटनेटक्या होत्या. एखादा माणूस मेला असता तर त्यांच्यात कुठे बोट ठेवायला जागा सापडली नसती, इतक्या नीटनेटक्या.

“झालं का गं? दोन मिनिटांचं तर काम,” कप्तान कॉफीचा मग घेऊन मागे येऊन उभा.

“सर्व्हर बंद असला तरी आपण ओके म्हणतोय.”

“मग काय म्हणायचं? ‘अनअव्हेलेबल’ म्हटलं की तो लाल होतो.” त्याने मगानेच भिंतीकडे खूण केली. पाण्याच्या यंत्राशेजारच्या मोठ्या पडद्यावर प्रत्येक टीमचा एक चौकोन होता. आठवडाभर चौकोन हिरवा राहिला की मोठे साहेब केक मागवत आणि सगळे टाळ्या वाजवत. “पाच मिनिटं सर्व्हर झोपणार, परत उठणार. तेवढ्यासाठी हात दाखवून अवलक्षण कशाला करून घ्यायचं?”

“त्या पाच मिनिटांत नर्स इंजेक्शन देईल.”

“अगं, तिला काय स्वतःचं डोकं नाही?”

“आहे ना. म्हणून तर तिला खरं सांगा. ती फाईल बघेल, रुग्णाला विचारेल, नाहीतर परत आपल्याला विचारेल. नाही म्हणून सांगितल्यावर कशाला विचारेल?”

कप्तान हसला. वाईट हसत नसे तो. “पोर झाल्यापासून तुला ना, जळीस्थळी साप दिसायला लागलेत.”

यावर आजूबाजूचे दोघंतिघं हसले आणि तीही हसली — सवयीने, गाल आपोआप वर गेले. रजेवरून परत आल्यापासून हे हसू तिच्या चेहऱ्यावर कायमचं टांगलेलं होतं. काळजी जास्त करतेस. नवरा म्हणतो, डॉक्टर म्हणतात, पाळणाघरातली मावशी तर दार उघडायच्या आधीच म्हणते, सगळं छान हं ताई! परवा दुपारी पाळणाघराचा फोन वाजत राहिला, कुणी उचलेना, तेव्हा नवरा किती सहज म्हणाला होता, “उचलला नाही म्हणजे ठीकच असेल सगळं.” उचलला नाही म्हणजे उचलला नाही! त्यातून ठीक कुठून काढलंस तू, कुठल्या खिशातून... आणि सासूबाई. “आमच्या वेळी कुठे होते फोन? वाढलीच की पोरं.” वाढली ती वाढली. सासूबाईंना आधी एक मुलगी झाली होती, आठ महिन्यांची होऊन गेली, हे तिला कळलं ते शेजारणीकडून, तेही लेकीच्या बारशाला. तुम्हाला मुलं किती, असं कुणी विचारलं की सासूबाई भाजी चिरता चिरता म्हणतात, एकच, मुलगा. सुरी थांबत नाही. विचारणाऱ्याच्या मनात चौकोन हिरवा.

कुणाला ही एवढी घाई असते, नाही म्हणायची?

“बरं,” कप्तानाने रिकामी खुर्ची ओढून घेतली, आवाज मऊ केला. “तुझंही नको, माझंही नको. ‘नॉट फाउंड’ टाकू. सापडलं नाही. खोटं नाही, आणि चौकोनही लाल होत नाही. खूश?”

आणि तिच्या ओठांवर ‘हो’ आलंच होतं. किती समंजस दिसत होतं ते! वादही मिटला, माणूसही राहिला. शिकलेल्या मुलीने असंच वागायचं, शेवटचा अर्धा घास समोरच्याला देऊन उठायचं. मी किती वेळा अशी उठले... बोट होकाराच्या बटणावर गेलंसुद्धा.

“सापडलं नाही म्हणायला आधी शोधावं लागतं, कप्तान,” ती म्हणाली. आवाज तिला स्वतःलाच अनोळखी वाटला. “आपण शोधलंच नाही. दारच उघडलं नव्हतं. दाराबाहेरून परत यायचं आणि आत कुणी नाही म्हणून सांगायचं?”

“शब्दांचा कीस काढतेस.”

“शब्दच तर निवडायचाय. ‘आत्ता सांगता येत नाही, परत विचारा.’ एवढंच पाठवायचं.”

“मग मी दुसऱ्या कुणाचा होकार घेतो.”

“घ्या ना. माझा नकार तिथेच राहील. नावासकट.”

आता कुणी हसलं नाही. पलीकडच्या टेबलावरची चष्मेवाली, जी दिवसभरात एक अक्षर बोलत नसे, पडद्यावरून नजर न काढता म्हणाली, “माझ्याकडे नका पाठवू हं, मला आज दिसत नाहीये नीट.”

कप्तान उठला. खुर्ची होती तिथे नेऊन ठेवली, नीट, टेबलाला टेकवून. “उद्या सकाळी मोठ्या साहेबांपुढे बसू. ते ठरवतील. तोवर जरा डोकं थंड कर.”

तो गेल्यावर ती नकाराचं कारण लिहायला बसली. ‘मला वाटतं की कदाचित’... वाटतं कसलं? खोडलं. ‘माझा गैरसमज असेल, पण’... खोडलं. ‘क्षमस्व’ — हे कुणी लिहिलं, बोटांनी परस्पर? खोडलं. शेवटी उरलं ते ओळभरच: उत्तर माहीत नसताना ‘नाही’ असं उत्तर देऊ नये. वाक्य फार उघडं दिसत होतं, अंगावर काही न घातल्यासारखं. तिने ते तसंच पाठवलं.

संध्याकाळी ती पाळणाघराच्या वाटेला लागली तेव्हा रस्ता माणसांनी भरला होता. उद्या काय होईल? होकार देणारं कुणीतरी मिळेलच. केक कुणाला नको असतो. तिला बिनमहत्त्वाच्या कामावर बसवतील, आणि किती प्रेमाने बसवतील, तुलाच आराम म्हणून... किंवा साहेब ऐकतीलही. माहीत नाही. रोज या वाटेवर ती उद्याची वाक्यं घोळवत चालायची, मऊ करत, टोकं घासत, की कुणाला लागू नयेत. आज घोळवायला काही नव्हतं. छाती धडधडत होती, तळवे ओले होते, म्हणजे भीती कुठे गेली नव्हती. होती, पूर्ण होती. फक्त तिची लाज वाटत नव्हती. धडधडू दे, म्हटलं. कुणाला ऐकू गेली तर जाऊ दे.

फुटपाथ अरुंद झाला. समोरून एक उंच माणूस फोनवर बोलत तिच्या रेषेत चालत आला. अशा वेळी अंग चोरून बाजूला होणारी ती... ती तशीच सरळ चालत राहिली.